साठ दिवसांची मुदत आणि दोन मिलिमीटरचा पट्टा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबईत पर्यावरणाची बातमी येते ती झाडावर करवत चालल्यावर, समुद्रात भराव पडल्यावर किंवा न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर. ज्या नियमाच्या जोरावर हे सगळे घडते, तो नियम होऊन तोवर दोन-चार वर्षे उलटलेली असतात. मग अग्रलेख येतात, मोर्चे निघतात, आयुक्तांना निवेदने दिली जातात. सगळी वरातीमागून घोडी. धोरण खऱ्या अर्थाने ठरते ते मसुद्यावर हरकती मागवण्याच्या मुदतीत, आणि नेमक्या त्या मुदतीत मसुदा मराठी वाचकासमोर येत नाही. विरोधकांना तुरुंगात टाकावे लागत नाही, विधेयक रेटावे लागत नाही. फक्त मुदत शांतपणे संपू द्यायची असते. इतकी स्वस्त आणि इतकी हमखास लागू पडणारी राजकीय चाल दुसरी नसेल. या पत्रात ती चाल कशी चालते ते आणि शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी, असे दोनच विषय आहेत.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ हा संसदेचा कायदा. पण तो मुद्दामच ऐसपैस ठेवलेला. त्याच्या कलम ३ ने केंद्राला पर्यावरणासाठी आवश्यक ते उपाय योजण्याची मुभा दिली. प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम तपासणारी ईआयए, किनाऱ्याचे नियम म्हणजे सीआरझेड, राष्ट्रीय उद्यानांभोवतीचे संवेदनशील क्षेत्र, हे सारे या एका कलमाखाली काढलेल्या अधिसूचनांतून आलेले आहे. त्यांच्यावर कुठल्या सभागृहात कलमवार मतदान झालेले नाही. त्याची भरपाई म्हणून १९८६ च्याच नियमावलीतील नियम ५(३) मध्ये एक दार ठेवले आहे : मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करायचा आणि साठ दिवसांत कोणालाही हरकत घेता यायला हवी. कोणालाही म्हणजे खरोखरच कोणालाही. सातबारा लागत नाही, वकील लागत नाही, पदवी लागत नाही. भाषा मात्र लागते.

२०२० चा ईआयए मसुदा आठवून पाहा. तो ११ एप्रिल २०२० ला राजपत्रात आला, देशभर टाळेबंदी असताना. जनसुनावणीआधीची नोटीस ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणणे, परवानगी न घेता काम सुरू केलेल्या प्रकल्पांना मागाहून नियमित करणे, अशा तरतुदी त्यात होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील सगळ्या २२ भाषांत आणायला सांगितले. त्यावर केंद्राचे पर्यावरण मंत्रालय सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषांतर टाळण्यासाठी! सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठवले, तोवर मुदत उलटून गेलेली होती. लाखो हरकती आल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही, हे खरे. त्यातली मागाहून परवानगीची तरतूद मात्र पुढच्याच वर्षी दुसऱ्या कागदावरून आत आली. त्याकडे पुढे येऊ.

आता किनारा. सीआरझेडचे नियम १९९१, २०११ आणि २०१९ असे तीनदा नव्याने लिहिले गेले, पण मुंबईकराच्या दृष्टीने नियमापेक्षा महत्त्वाचा असतो तो नकाशा. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे मुख्य नकाशे १:२५,००० या प्रमाणात असतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर भरतो. २०१९ च्या नियमांनी खाडी आणि भरतीचे पाणी चढणाऱ्या नद्यांच्या काठचा नियंत्रित पट्टा १०० मीटरवरून ५० मीटरवर (किंवा खाडीच्या रुंदीइतका, जे कमी असेल ते) आणला. हा ५० मीटरचा पट्टा त्या नकाशावर दोन मिलिमीटर दिसतो. साध्या बॉलपेनची रेघ अर्धा मिलिमीटर धरली, तरी ती रेघच साडेबारा मीटरची होते. एका चाळीची रुंदी त्या रेघेत मावते. ‘आमचे घर रेषेच्या आत की बाहेर?’ हा प्रश्न घेऊन माणूस या नकाशापुढे उभा राहिला तर त्याला उत्तर मिळणे शक्य नाही, आणि अधिकाऱ्यालाही ते देता येत नाही. त्यासाठी १:४००० च्या आसपासचा, भूमापन क्रमांक दाखवणारा नकाशा लागतो. त्यावर ५० मीटर म्हणजे सव्वा सेंटिमीटर, जे बोट ठेवून दाखवता येते. म्हणून हरकतीच्या काळात पहिली मागणी हीच असायला हवी की मोठ्या प्रमाणावरचा नकाशा द्या, तो मिळाल्याच्या दिवसापासून मुदत मोजा. ही मागणी न करता थेट मजकुरावर हरकती घेतल्या जातात आणि त्या ‘मोघम’ म्हणून बाजूला पडतात.

रेषा कुठून काढली हेही तितकेच महत्त्वाचे. नियमाप्रमाणे भरतीची रेषा म्हणजे उधाणाच्या भरतीत पाणी जमिनीवर जिथवर चढते ती. खाडीच्या आतल्या बाजूला पट्टा कुठवर मोजायचा ते पाण्याच्या खारेपणावर ठरते : वर्षातल्या सर्वात कोरड्या काळात हजारात पाच भाग क्षार सापडतील तिथवर. मापन मे महिन्यात केले की पाऊस पडून गेल्यावर, यावर मिठी किंवा दहिसर नदीचा किती भाग नियमाखाली येणार ते अवलंबून. भिंत, बांध किंवा भराव आधीच पडलेला असेल तर उपग्रहाच्या चित्रात पाणी अलीकडेच थांबलेले दिसते, आणि बेकायदा भरावालाच किनारा मानून रेषा काढली जाण्याची भीती असते. तिवरांचेही (म्हणजे कांदळवनाचेही) तसेच. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या तिवरांभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा आहे. २०१९ च्या नियमांत खासगी जमिनीवरील तिवरांना मात्र तो लागत नाही. तीच झाडे, तेच पाणी, पण सातबाऱ्यावरच्या नावाप्रमाणे पट्टा असणार किंवा नसणार. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन नष्ट करण्यावर राज्यभर बंदी घातली आहे, त्यामुळे झाड वाचते. त्याच्याकडे जाणारे भरतीचे पाणी शेजारच्या बांधकामाने अडले की ते उभ्याउभ्या वाळते, आणि मग ‘इथे तिवरे नव्हतीच’ असे म्हणायला सगळे मोकळे.

एका तारखेनेही किती फरक पडतो पाहा. २०११ च्या नियमांत सीआरझेड-२ मधल्या, म्हणजे आधीच बांधलेल्या शहरी किनाऱ्यावरच्या, इमारतींना एफएसआय (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येते ते प्रमाण) १९९१ च्या पातळीवर गोठवलेला होता. २०१९ च्या अधिसूचनेने तो ‘या अधिसूचनेच्या तारखेला असलेल्या’ नियमांप्रमाणे केला. अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची आणि मुंबईची डीसीपीआर २०३४ ही बांधकाम नियमावली लागू झाली ती त्याच्या काही महिने आधी, २०१८ मध्ये. अशा रीतीने वाढीव एफएसआय किनाऱ्याला अलगद लागू झाला. जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतींतल्या रहिवाशांना त्याची गरज होती, हे आम्ही नाकारत नाही. तीस-तीस वर्षे टेकू लावून राहिलेली कुटुंबे किनाऱ्यावर आहेत. पण एवढ्या मोठ्या निर्णयाबरोबर वाढीव माणसांचे सांडपाणी, पाणी, रस्ते यांचा हिशेब मसुद्याला जोडायला हवा होता. एप्रिल २०१८ च्या मसुद्यासोबत मुंबईपुरता तसा हिशेब नव्हता. मुंबईच्या किनारा क्षेत्र आराखड्याला केंद्राची मंजुरी सप्टेंबर २०२१ मध्ये मिळाली आणि नवे नियम प्रत्यक्षात तेव्हापासून चालू झाले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती तेव्हा. शब्द ठरून साडेतीन वर्षे झाली होती.

मसुद्याच्याही आधी एक टप्पा असतो, तज्ज्ञ समितीचा. तो तर पडद्याआडच राहतो. पश्चिम घाटावरील माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. मंत्रालयाने तो दडवून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि त्यानंतर दिल्ली उच्च न्यायालय, एवढे झाल्यावर तो मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. त्यातून काही धडा घेतला असेल म्हणावे, तर सीआरझेडबाबत शैलेश नायक समितीचे तेच. ही समिती नेमलीच होती २०११ च्या नियमांविषयी किनारी राज्य सरकारांची गाऱ्हाणी तपासायला. तिचा अहवाल जानेवारी २०१५ मध्ये आला, आणि तो बाहेर यायला पुन्हा माहिती आयोगाचा आदेश लागला, २०१६ मध्ये. पहिल्या वेळी केंद्रात एका आघाडीचे सरकार होते, दुसऱ्या वेळी दुसऱ्या. दडवण्याची सवय दोघांची सारखीच. वास्तविक माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ग) प्रमाणे महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती सरकारने आपणहून प्रसिद्ध करायची आहे, कोणी अर्ज करो न करो. आणि कलम ४(४) मध्ये स्थानिक भाषेचा उल्लेख आहे. हे कलम फारसे कोणी वापरत नाही.

पश्चिम घाटाचे भिजत घोंगडे तर वेगळ्याच तऱ्हेचे. तिथले संवेदनशील क्षेत्र ठरवणारे २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले. प्रत्येकाची मुदत संपते, अंतिम अधिसूचना निघत नाही, पुन्हा नवा मसुदा. महाराष्ट्रातले सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. मुंबईला पाणी देणारे डोंगर याच रांगेतले. निर्णय न घेणे हाही निर्णय असतो आणि तो खाणवाल्यांना सोयीचा असतो, एवढे सांगून पुढे जातो.

मसुदाच काढायचा नाही, अशीही सोय नियमांत आहे. नियम ५(४) प्रमाणे ‘सार्वजनिक हितासाठी’ हरकती मागवणे टाळता येते. २८ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, रस्ते आणि जलवाहिन्यांसारख्या लांबलचक कामांसाठी माती उपसायला पर्यावरण परवानगीतून सूट दिली गेली, हरकती न मागवता. सर्वोच्च न्यायालयाने ती सूट २१ मार्च २०२४ ला रद्द केली. हरकती टाळण्याइतके कोणते सार्वजनिक हित होते ते सरकारला सांगता आले नाही. चार वर्षे लागली. तोवर उपसलेली माती परत भरली जात नसते.

त्याहून सोपी वाट कार्यालयीन ज्ञापनाची. दोन-चार पानांचे पत्र, खाली एका अधिकाऱ्याची सही, राजपत्र नाही, साठ दिवस नाहीत. परवानगीविना सुरू झालेल्या प्रकल्पांसाठी मार्च २०१७ च्या अधिसूचनेने ‘एकदाच’ म्हणून सहा महिन्यांची खिडकी उघडली गेली. जुलै २०२१ च्या ज्ञापनाने ती कायमची उघडी ठेवण्याची पद्धत घालून दिली. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला दोन्ही रद्द केले, आणि १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयातच सहा महिन्यांत असा पालट होतो, त्याचे मूळ धोरण नीट चर्चा करून, कारणे लिहून केलेले नाही यात आहे.

या सगळ्यात जनसुनावणी कुठे आहे, असे वाचक विचारतील. २००६ च्या ईआयए अधिसूचनेतील तरतूद वाचायला उत्तम आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील दैनिकात नोटीस द्यायची, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्ष, सगळ्याचे चित्रीकरण, शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे आणि त्यावर सही. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे पाच माणसे आली तरी सुनावणी झाली. एवढे सगळे आहे, पण मुंबईत ते होते किती वेळा? इमारत बांधकाम आणि वसाहत प्रकल्प (२०,००० चौरस मीटरच्या पुढचे) या अधिसूचनेत आठव्या क्रमांकावर येतात आणि त्यांना जनसुनावणीतून सरसकट सूट आहे. मुंबईतले सर्वात मोठे ‘प्रकल्प’ म्हणजे पुनर्विकासच. मेट्रो आणि रेल्वे तर यादीतच नाहीत. जे शहर देशात सर्वाधिक दाटीने बांधले जाते, तिथल्या बहुसंख्य प्रकल्पांवर ईआयएची जनसुनावणी कधी भरतच नाही.

किनारी रस्त्याचे उदाहरण घ्या. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपूल ते सागरी सेतूचे वरळी टोक, १०.५८ किलोमीटर. समुद्रात भराव घालून रस्ता करता यावा म्हणून सीआरझेडचे नियम ३० डिसेंबर २०१५ ला ‘अपवादात्मक’ शब्द घालून बदलले गेले. रस्ता महापालिकेचा, राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग नव्हे, म्हणून ईआयए नको, ही पालिकेची भूमिका. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ ला ती अमान्य करून परवानगी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबरला त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम चालू राहिले. यातला एक तपशील पाहण्यासारखा आहे. वरळी कोळीवाड्याच्या बोटी ज्या वाटेने समुद्रात जातात, तिथल्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटरचे अंतर ठेवले होते. कागदावर बोटीच्या रुंदीच्या मानाने ते भरपूर. पण वारा आडवा असला, लाट फुटत असली, इंजिन बंद पडले की बोट सरळ रेषेत जात नाही, ती बाजूला सरकते. शिवाय खांबांभोवती पाण्याची ओढ बदलते. मच्छीमारांनी हे सांगितले, काम अडवले, तेव्हा २०२२ च्या अखेरीस अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. मच्छीमारांची मागणी त्याहूनही जास्त अंतराची होती. मुद्दा असा की ही माहिती कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात नव्हती, ती बोट चालवणाऱ्यांकडे होती. आराखडा पक्का होण्याआधी ती नोंदली गेली असती तर एका कागदी नकाशात दुरुस्ती करून भागले असते. बांधकाम चालू असताना तीच दुरुस्ती महाग पडते.

अहवालांचेच निघाले म्हणून : ईआयएसाठी हवा-पाण्याची मोजमापे बहुतेक वेळा एका ऋतूची, पावसाळा वगळून घेतलेली असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झालेल्या शहरात पावसाळाच वगळायचा, याला काय म्हणावे! आणि जो अहवाल शेकडो पानांचा असतो त्याचा फक्त सारांश मराठीत देणे बंधनकारक आहे. सारांशात निष्कर्ष असतात. मोजमाप कुठे, कधी, किती वेळा केले ते इंग्रजी परिशिष्टांत राहते. हरकत घ्यायची तर ती परिशिष्टांवरच घ्यावी लागते.

अधिकारी वाईट असतात म्हणून हे होते असे नाही. त्यांच्यापुढे बक्षीस कशाला आहे ते पाहा. केंद्राने १७ जानेवारी २०२२ च्या ज्ञापनाने राज्यांच्या पर्यावरण प्राधिकरणांना तारांकित मानांकन देण्याची योजना आणली. सरासरी ८० दिवसांच्या आत परवानगी देणाऱ्याला दोन गुण, १२० दिवसांपेक्षा जास्त लावणाऱ्याला शून्य. जागेवर जाऊन पाहणी कमी वेळा केली, जादा तपशील कमी वेळा मागितला, तर त्याचेही गुण. परीक्षेत प्रश्न न वाचता पेपर लवकर देणाऱ्याला पहिला नंबर, असा हा प्रकार. टीका झाल्यावर मंत्रालयाने खुलासा केला, पण कोणत्या दिशेने वारे वाहतात ते सगळ्यांना कळले.

आणि राज्यात काय? मेट्रोची आरे कारशेड २९ नोव्हेंबर २०१९ ला थांबली, ऑक्टोबर २०२० मध्ये कांजूरमार्गला गेली, जुलै २०२२ मध्ये पुन्हा आरेत आली. सरकार बदलले की जागा बदलली. दोन्ही जागांचा तौलनिक खर्च, झाडे, पाण्याचा निचरा आणि जमिनीची मालकी यांचा एकच कागद दोन्ही सरकारांनी लोकांपुढे ठेवून, आलेल्या हरकतींना लेखी उत्तरे दिली असती, तर तिसऱ्या सरकारला तो उलटवणे जड गेले असते. गणेशमूर्तींच्या पीओपीबाबत तर दर वर्षी तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० ला सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्याच महिन्यात बंदी वर्षभर पुढे ढकलली गेली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश ३० जानेवारी, ९ जून आणि २४ जुलै असे आले. चतुर्थी २७ ऑगस्टला. मूर्तिकाराचे साचे, मातीची खरेदी आणि कारागिरांची उचल माघ संपताच ठरते. पीओपीची मूर्ती अर्ध्या तासात साच्यातून निघते, शाडूची पावसाळी हवेत वाळायला दिवसचे दिवस घेते, तडकते, वजनाने जड होते. त्यामुळे जूनमध्ये आलेला कोणताही नियम, कडक असो वा सैल, कारखान्यात अंमलात येऊच शकत नाही. नियम करणाऱ्याने पेणच्या कारखान्याचे वेळापत्रक आधी विचारायला हवे होते.

आता हरकत कशी लिहायची. ‘पर्यावरण वाचवा’ असे लिहिलेली दहा हजार पत्रे एका पत्रासारखी मोजली जातात. एकाच मजकुराचे ई-मेल तर हमखास. चालते ते असे पत्र : वर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख; मग परिच्छेदाचा क्रमांक; सध्याचा शब्द काय, प्रस्तावित शब्द काय; त्याचा आपल्या जागेवर होणारा परिणाम, नगर भूमापन क्रमांकासह; आणि शेवटी आपल्याला हवा तो शब्द स्वतः लिहून. हा शेवटचा भाग लोक विसरतात. ‘हे कलम वगळा’ यापेक्षा ‘या ओळीत ५० ऐवजी १०० मीटर असे लिहा’ ही मागणी फेटाळताना कारण द्यावे लागते. सोबत मिळकत पत्रिकेची प्रत आणि छायाचित्रे. भरतीचे छायाचित्र अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतले, भरतीच्या वेळीच घेतलेले, चौकटीत एखादी न हलणारी खूण (विजेचा खांब, देवळाची पायरी) येईल असे. त्याखाली तारीख, वेळ आणि त्या दिवशीच्या भरतीची उंची. कोळीवाड्यांनी घरांइतकीच काळजी सामायिक जागांची घ्यावी : बोटी शाकारायची जागा, जाळी विणायची जागा, मासळी सुकवायचे मैदान, धक्का, बर्फाचा कारखाना. या सगळ्यांची नोंद आराखड्यात झाली पाहिजे असे नियमच सांगतात, आणि घरे दाखवून या जागा मोकळ्या पांढऱ्या सोडल्या तर पुढे त्या ‘रिकाम्या’ ठरतात. पत्र मराठीत चालते. ते हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्यावा. ई-मेल पाठवला तर शिवाय स्पीड पोस्टाने. मुदत संपल्यावर दहा रुपयांचा माहितीचा अर्ज : माझ्या आवक क्रमांकाच्या हरकतीवर काय शेरा मारला त्याची टिप्पणी द्या. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिले अपील. न्यायालयात पुढे उपयोगी पडतो तो हाच कागद. हरकत आल्याची आणि तिचा विचार न झाल्याची नोंद.

राज्य सरकारकडे मागणी मोठी नाही. केंद्राचा जो मसुदा महाराष्ट्राच्या किनाऱ्याला, घाटाला किंवा शहरांना लागू होणार, त्याचे मराठी भाषांतर राज्याच्या पर्यावरण विभागाने दहा दिवसांत आपल्या संकेतस्थळावर टाकावे आणि राज्याने स्वतः केंद्राला काय कळवले तेही. हे दुसरे अधिक महत्त्वाचे. राज्य दिल्लीला एक लिहिते आणि मुंबईत दुसरे बोलते, याला आळा बसेल. आलेल्या हरकतींचा गोषवारा आणि त्यांना दिलेली उत्तरे प्रसिद्ध करण्याचे केंद्राचे स्वतःचे धोरण ५ फेब्रुवारी २०१४ पासून कागदावर आहे. राज्याने तेवढे उचलले तरी पुरे.

आणि आपल्या वृत्तपत्राकडे मागणी एका चौकटीची. मसुद्याचे नाव, शेवटची तारीख, हरकत पाठवायचा पत्ता, मुंबईच्या कोणत्या भागाला लागू, अशा चार ओळी. त्यासाठी केंद्राचे ई-राजपत्र, पर्यावरण परवानग्यांचे परिवेश संकेतस्थळ, राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची विषयपत्रिका आणि महापालिकेच्या उद्यान खात्याच्या वृक्षतोडीच्या नोटिसा एवढे पाहावे लागेल. एका वार्ताहराचे ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र वृक्षतोडीवर हरकतीला सातच दिवस मिळतात, त्यामुळे ही चौकट रविवारच्या पुरवणीत टाकून भागणार नाही. ती आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मुख्य अंकात लागेल.

आपले,
किनारा नियमन आणि नगररचनेचे काही अभ्यासक, मुंबई